अपॅचीला दिलेली शिवी

चिपळूणच्या रक्तदाता मंडळाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि पहिलं पान सोडून एकही पान उघडेना. गावाचं नाव दाबलं की 'पान सापडत नाही'. रक्तदाते शोधणारे नातेवाईक हवालदिल झाले.

साइट उल्का पाटणकरने बांधलेली. सर्व्हर सांभाळणारे करमरकर साहेब तिच्यावर गरजले, "तुझ्या साइटच्या फोल्डरमधल्या फाइलचे नियमच चुकलेत. माझ्या सर्व्हरला नावं ठेवू नकोस. संध्याकाळी ही साइट बंद!"

उल्काने नियम पुन्हा वाचले, चूक सापडेना. मग सर्व्हरवर साइट चालवणाऱ्या अपॅची या प्रोग्रॅमला उद्देशून तिने त्याच फाइलच्या डोक्यावर लिहिलं, 'अपॅची, तू गाढव आहेस.' पहिलं पान तरीही पूर्वीसारखंच उघडलं.

"हा काय पोरखेळ?"

"साहेब, या फाइलमध्ये भलता शब्द दिसला की अपॅची अख्खी साइट बंद पाडतो. मी तर तोंडावर शिवी दिली. ती ऐकून शांत राहणारा एक तर संत असतो, नाहीतर त्याच्या कानात बोळे असतात. अपॅची काही संत नाही. बोळे कोणी घातले?"

साहेबांनी सर्व्हरची मुख्य फाइल उघडली. 'फोल्डरमधल्या फाइलींकडे लक्ष देऊ नये' हा हुकूम त्यांचाच होता. तो बदलून त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. लगेच साइट कोसळली.

"ऐकू आलं त्याला!" उल्का आनंदाने ओरडली. तिने शिवी पुसली आणि गावोगावची पानं भराभर उघडू लागली.

थोड्याच वेळात खेर्डीहून फोन आला. "ताई, आमच्या बाबांसाठी दाता मिळाला. निघालाय तो."

उल्काने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली.