निळीचे विरजण

एकदा एक वृद्ध निळारी नदीकाठच्या एका गावात राहत असे. निळारी म्हणजे निळीत कापड रंगवणारा. गाव त्याला आबा म्हणे. आबांच्या पडवीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण होता, आणि त्यातली नीळ तीन पिढ्यांत एकदाही पूर्ण उपसली गेली नव्हती. निळीचा रांजण दह्याच्या विरजणासारखा जिवंत असतो. त्याला रोज ढवळावे लागते, वेळच्या वेळी खायला घालावे लागते. नवा रांजण लावायचा तर जुन्यातली घागरभर नीळ त्यात ओतावी लागते, तेव्हा तो उठतो. नाहीतर नुसते निळे पाणी राहते, ते कापडाला धरत नाही.

आबांचा मार्तंड नावाचा एक शिष्य होता. पंचविशीचा, कष्टाळू, हाताने चांगला. सहा वर्षे तो आबांकडे राबला होता. आबांना मुलगा नव्हता, आणि येत्या पाडव्याला रांजण तुझ्या हाती देतो, असे ते चारचौघांत बोलून चुकले होते. त्या दिवसापासून मार्तंड रांजणाजवळून जाताना जरा छाती काढून चालत असे.

पाडव्याला तीन आठवडे उरले असताना शहरातला एक व्यापारी चाळीस लुगडी रंगवायला घेऊन आला. आबा लेकीच्या मुलीच्या लग्नासाठी परगावी निघाले होते, म्हणून बोलणे मार्तंडशीच झाले. व्यापाऱ्याने सहज विचारले, रांजणात काय काय घालता? मार्तंडने हौसेने सांगितले. नीळ आणि चुना तर आहेच. गूळ असतो, टाकळ्याचे बी शिजवून घालतो. मूठभर खजूर, तो एका कच्छी खत्री रंगाऱ्याने शिकवला. थंडीत गव्हाच्या कोंड्याचे पाणी घालतो, ती कानडी रंगारणींची रीत.

व्यापारी हसला. म्हणाला, “अहो, गूळ ह्याचा, खजूर त्याचा, कोंडा तिचा. मग ह्यात तुमचं असं काय राहिलं? माझ्या गिऱ्हाइकांना अस्सल माल हवा असतो.”

तो गेला, पण त्याचे वाक्य मार्तंडच्या मनात कुसळासारखे रुतून बसले. उद्या ज्याचा आपण धनी होणार, तो रांजण म्हणजे दहा घरांचे उष्टे आहे की काय, असे त्याला वाटू लागले. आबांच्या आज्याच्या काळी नीळ आणि चुना एवढेच असणार, असे त्याने आपल्यापुरते ठरवून टाकले. कोणाला विचारले नाही. आबा परत येण्याआधी रांजण मुळासारखा शुद्ध करून दाखवू, ते पाठीवर हात ठेवतील, अशी त्याची कल्पना. त्याने गूळ बंद केला. खजुराची पिशवी शेजारच्या घरी देऊन टाकली. टाकळा नाही, कोंडा नाही. रोज थोडा चुना मात्र न चुकता घातला.

तिसऱ्या दिवशी रांजणावरचा निळा फेस बसला. पाचव्या दिवशी वरची तांबूस साय गेली. मार्तंडने आणखी चुना घातला. सातव्या दिवशी त्याने एक लुगडे बुडवून काढले तर ते राखेच्या रंगाचे निघाले, आणि पाण्यात धरताच तो रंगही वाहून गेला.

तेव्हा त्याला कळले की रांजण मेला.

त्या दिवशी तो जेवला नाही. घर सोडून जावे असेही त्याच्या मनात येऊन गेले. तीन पिढ्यांनी जपलेली वस्तू त्याने आठवडाभरात संपवली होती. पण आबांना तोंड न दाखवता जाणे त्याच्याने होईना. तो उंबऱ्याशीच बसून राहिला.

आबा आले, पाय धुतले आणि सवयीप्रमाणे आधी रांजणाकडे गेले. झाकण उचलून त्यांनी वास घेतला. एक बोट आत बुडवले, उन्हात धरून पाहिले. मार्तंडने मान खाली घालून सगळे सांगितले, व्यापाऱ्याचे वाक्यसुद्धा. आबांनी झाकण परत ठेवले. मग विचारले, “जेवलास का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रांजण स्वतः उपसला, ते पाणी दूर खड्ड्यात ओतले आणि रांजण धुऊन उन्हे खायला उघडा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर सुतक नव्हते. मार्तंडला ह्याचेच कोडे पडले. शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे त्याला वाटत होते. आबांनी त्याच्या हाती तांब्याची घागर दिली आणि नदी उतरून ते पलीकडच्या गावी निघाले.

तिथे जुलेखाबी नावाची एक रंगारीण राहत होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला आबांनी आपल्या रांजणातली घागरभर नीळ दिली होती. नवरा मागेच वारला, रांजण तिने चालवला. आबांना रिकाम्या घागरीसह दारात पाहताच ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “या आबा. आता निळाऱ्याच्या घरात नीळ सरली म्हणायची.”

“सरली नाही, मारली,” आबा म्हणाले. “हा बघ मारणारा. हाताने चांगला आहे, डोक्याने जरा शुद्ध झाला होता.”

जुलेखाबी खळखळून हसली. मार्तंडच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने रांजणाचे झाकण काढले. वर तांब्याच्या रंगाची साय चमकत होती, मधोमध मुठीएवढा निळा फेस. घागर काठोकाठ भरून देत ती मार्तंडला म्हणाली, “तुमच्याच घरचं लेकरू आहे, ने. पण त्याला खजुराची चटक लावलीय मी. उपाशी ठेवू नकोस.”

परतताना नदीच्या पात्रात मार्तंडने घागर खांद्यावरून उतरवली. त्याच्याने राहवले नाही. त्याने विचारले, “आबा, ही नीळ आपली म्हणायची की तिची?”

आबा एका दगडावर टेकले.

“माझ्या आज्याने ती एका तेलंगी विणकराकडून आणली. त्या विणकराला कोणी दिली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे ऊस, म्हणून आज्याने तिला गूळ घातला. ज्याच्या मुलखात जे पिकतं ते त्याने घातलं. ह्या देशात असे किती रांजण असतील, कोणी मोजावेत? प्रत्येकाचा वास निराळा, निळा रंगसुद्धा निराळा, आणि एकही एकट्याने उठलेला नाही. तू जे परकं म्हणून काढलंस, त्याच्यावरच तो जगत होता. आपलं काय, तर रोज सकाळी उठून ढवळणं. आणि कोणी घागर घेऊन आला तर ती भरून देणं. मी नुसती जपून ठेवली असती, तर आज आपण कुणाच्या दारात गेलो असतो?”

मार्तंडने घागर उचलली, आणि हिंदकळू नये म्हणून तो घरापर्यंत जपून चालला.

चौथ्या दिवशी रांजण उठला. व्यापारी ठरल्या दिवशी आला तेव्हा मार्तंड स्वतः पुढे झाला. रांजण माझ्या हातून मेला, लुगड्यांना आणखी दहा दिवस लागतील आणि रंग पूर्वीपेक्षा किंचित गडद येईल, कारण ही नीळ नदीपलीकडच्या जुलेखाबींच्या घरून आली आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. थांबायचे नसेल तर लुगडी परत घेऊन जा, असेही म्हणाला. व्यापारी कुरकुरला, पण थांबला.

तो गेल्यावर मार्तंड आबांना म्हणाला की पाडव्याला रांजण माझ्या हाती देऊ नका, मी त्या लायकीचा नाही.

“गेली सहा वर्षं नव्हतास,” आबा म्हणाले. “आता आहेस.”

मार्तंडने पहिले लुगडे रांजणातून वर काढले. ते हिरवट पिवळे होते. दोघांनी दोन टोके धरून ते वाऱ्यावर ताणले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते काठापासून आत निळे होत गेले. मार्तंडने हात पुसले, गुळाचा खडा फोडला आणि खजुराच्या बिया काढायला बसला.