तात्पुरत्या नोकरीचं पक्कं घर

“पक्क्या घराला पक्की नोकरी लागते, बाई,” असं म्हणून धोंडशेट सावकाराने सगुणाला पायरीवरूनच परत पाठवलं.

सगुणा सोनकुंडच्या राजवाड्यात आबदारखाना सांभाळायची. राजाचं पिण्याचं पाणी वाळा घालून गार ठेवायचं, हे तिचं काम. नेमणूक मात्र दसरा ते दसरा. दर दसऱ्याला कारभारी नवा कागद करायचे आणि बजावायचे, “तात्पुरती हं!” असं करता करता तिचे केस पिकायला लागले. आता भाड्याच्या खोलीतून निघून हक्काच्या घरात जावं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. नदीकाठचं दोन खोल्यांचं एक घर विकायला निघालं होतं. थोडे पैसे गाठीला होते. उरलेले सावकाराने द्यायचे आणि फिटेपर्यंत घर त्याच्याकडे गहाण ठेवायचं, असा तिचा हिशेब. पण वर्षाच्या नोकरीवर वीस वर्षांचं कर्ज देतो कोण?

तिने दरबारात दाद मागितली. राजा जयसेन हट्टी माणूस. त्याने धोंडशेटला बोलावून घेतलं, दोघांचं ऐकलं आणि म्हणाला, “शेटचं चुकलं कुठे? माझ्या राज्यात हमखास वीस वर्षं टिकेल अशी एक गोष्ट दाखव. दाखवलीस तर मी स्वतः जामीन राहीन. नाही तर येत्या दसऱ्याला तुझा कागद होणार नाही.”

घर मागायला आली, तर हातची नोकरीही जायची वेळ आली! पण सगुणा म्हणाली, “उद्या सकाळी महाराजांनी नदीवर यावं. शेटजींनाही आणावं.”

सकाळी राजा घोड्यावरून आला. नदीत कोसळलेल्या दगडी पुलाचे नुसते खांब उभे होते.

“हा तुझा टिकाऊपणा?” राजाने विचारलं.

“नाही महाराज. हा अक्षय सेतू. आपणच बांधला. दुसऱ्या पुरात गेला.”

धोंडशेट गालात हसला. राजा हसला नाही.

सगुणा त्यांना काठावरच्याच नाक्यावर घेऊन गेली. तिथे कारकून नदीच्या उतारातून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेत बसला होता. राजाला पाहून तो धडपडत उठला.

“हे पैसे कसले, भाऊ?” सगुणाने विचारलं.

“पुलाचा कर. पूल बांधून होईपर्यंत तात्पुरता बसवलाय.”

“कोणी बसवला?”

“थोरल्या महाराजांनी. म्हणजे आपल्या आजोबांनी, महाराज.”

“आणि उठणार कधी?” राजाने दरडावून विचारलं.

कारकून गोंधळला. “तात्पुरता आहे, महाराज. तो कशाला उठेल?”

सगुणाने हात जोडले. “महाराज, अक्षय होतं ते वाहून गेलं. तात्पुरतं आहे ते तीन पिढ्या उभं आहे. आणि मी तर कागदोपत्री तात्पुरती! माझ्याइतकं पक्कं या राज्यात दुसरं कोण?”

राजाच्या मिशा हलायला लागल्या. धोंडशेट घाईघाईने म्हणाला, “पण महाराजांनी उद्या हा कर उठवला तर?”

“कोण उठवतोय?” राजा दचकून म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येताच खो खो हसत सुटला. “शेट, कर्ज द्या. जामीन मी. आणि सगुणे, आजपासून तुझी नोकरी कायम!”

“तेवढं नको, महाराज,” सगुणा काकुळतीने म्हणाली. “आपण कायम केलेले तीन दिवाण मी घरी जाताना पाहिलेत. मला आपली तात्पुरतीच राहू द्या.”

राजा असा काही हसला की घोडा बिचकला. डोळे पुसत तो कारकुनाकडे वळला. “हिच्या कर्जाचे हप्ते या नाक्यावरच्या पैशातून भरत जा.”

“किती दिवस, महाराज?”

“तात्पुरते,” राजा म्हणाला.