निखाऱ्यामागे गेलेली लेक

पश्चिम समुद्राकाठी एका हिरव्या राज्यात, जिथे टेकड्यांच्या पोटात जादूगारणी नांदत, तिथे ओर्ला नावाची राणी होती. तिला एकच लेक, नीव. दुधाचे दात नुकते पडू लागलेली.

त्या राज्याचा एक दंडक होता. उन्हाळ्याच्या पहिल्या सणाला उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरायची, अन् घरातला विस्तव कुणालाही द्यायचा नाही. विस्तवामागे घराची बरकत जाते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नेमकी त्याच सकाळी एक म्हातारी दारात थरथरत उभी राहिली.

"माझं पोर गारठलंय ग बाई. एक निखारा दे."

ओर्लाही आईच. तिने चिमट्याने निखारा दिला.

म्हातारी होती टेकडीची जादूगारीण. ती निखारा घेऊन निघाली, अन् नीव तिच्यामागे. हाका मारल्या, वळली नाही. टेकडी उघडली, दोघींना पोटात घेऊन मिटली. राज्यातल्या साऱ्या चुली विझल्या. गारगोट्या घासून बोटं सोलली, ठिणगी पडेना. घुसळून घुसळून बायकांचे खांदे भरून आले, ताकावर लोणी येईना.

अंगणातल्या काटेरी झुडपात एक इवला तपकिरी पक्षी राही. त्याला सारे पाखरांचा राजा म्हणत.

"राणीसाहेब, दान करावं, पण दिवस बघून."

"टोमणा मारून झाला असेल, तर उपाय सांगा, पक्षिराज."

"सुगीच्या सणाला डोंगरावरची जांभळी रानफळं आणा, एकही न चाखता. कापणीची शेवटची पेंढी जमिनीला न टेकवता आणा. अन् पितरांच्या सांजेला दार उघडं ठेवून ताट मांडा. येईल तो विस्तव आणील. त्याला अडवलंत, तर चुली विझलेल्याच राहतील."

"अन् माझी नीव?"

पाखरू उडून गेलं.

कच्चे दाणे चावून दिवस काढणाऱ्या ओर्लाने टोपलीभर फळं आणली, एकाला दात लावला नाही. दलदलीत गुडघ्यांवर पडली, पण पेंढी खांद्यावरून ढळू दिली नाही. पितरांची सांज आली. तिने गार चुलीशी खुर्ची ठेवली, तिच्यावर पेंढी अंथरली, ताटात फळांची वाटी मांडली, दार उघडलं.

नीव आत आली. उघड्या तळहातावर निखारा लाल फुललेला, अन् तळहात जराही भाजलेला नाही. जिवंत हात भाजला असता. ओर्लाला कळायचं ते कळलं.

"आई, घर किती गारठलंय ग!" म्हणत पोरीने चूल फुंकली. मग फळं खाल्ली, वाटी ओठांना लावून उरलेला रसही प्यायली. बाहेर घराघरांतून धूर निघू लागला.

नीव उठली. ओर्लाचा हात दाराच्या अडसरावर होता. एक ढकल, की लेक घरात. तेवढ्यात शेजारच्या घरात थंडीने दिवसभर रडणारं तान्हं गप्प झालं. ऊब लागली असावी.

तिने हात काढला. ब्रीददेवीच्या सणाला तिच्या आशीर्वादाच्या दवासाठी झुडपावर टाकून ठेवलेलं फडकं पेटीत होतं. दुखणं घालवतं म्हणतात. हे दुखणं त्याच्या हातचं नव्हतं. तरी तिने ते लेकीच्या डोक्याला बांधलं.

"बाहेर वारा आहे."

"पुढच्या वर्षी येऊ?"

"ये हो. दार उघडंच ठेवते."

नीव टेकडीत शिरली, टेकडी मिटली. सकाळी घरोघर लोणी आलं, भाकऱ्या भाजल्या, राज्य पूर्वीसारखं नांदू लागलं. ओर्लाने सारी भांडी घासली. एक वाटी तेवढी तशीच ठेवली. तिच्या काठावर दोन जांभळे ओठ उमटले होते.