येसबाच्या वाटेवरचे दगड

खडकवण्याच्या वरच्या वस्तीपासून पाण्याच्या कुंडापर्यंत गुडघाभर उंचीचे दगड ओळीने रोवलेले आहेत. पाहुण्याने विचारले की म्हातारी माणसे आधी शेजारच्या घळीकडे बोट दाखवतात, मग सांगू लागतात.

फार पूर्वी इथे येसबा नावाचा आंधळा धनगर राहायचा. लोकर धुवायला तो रोज कुंडावर जाई. वाट घळीच्या काठाने; म्हणून घराघराने एकेक दगड आणून रोवला म्हणे. काठीने दगड चाचपत येसबा एकटा जाई, एकटा येई. कधी कुणाचा हात धरावा लागला नाही.

त्याचा धाकटा भाऊ भिवा मोठा उतावळा. एकदा मेंढवाड्याच्या दगडी गडग्याला पडलेल्या भगदाडातून लांडग्याने कोकरू नेले. येसबा चारचौघांत म्हणाला, "भिव्या, दोन डोळं असून तुला लांडगा दिसंना. एक मला तरी दे!" लोक खदखदून हसले. भिवाने त्या रागातच वाटेवरचे तीन दगड उपटले आणि भगदाड बुजवले. संध्याकाळी परत रोवू, असे त्याच्या मनात होते.

दुपारी येसबा लोकरीचे गाठोडे घेऊन निघाला. "वाट नीट हाय न्हवं रं?"

खरे सांगितले तर पुन्हा हसे होईल. भिवा म्हणाला, "हाय की दादा. रोज काय इचारतोस?"

पलीकडच्या उतारावरून एका गुराख्याने पाहिले, असे सांगतात. काठी हवेत फिरली. येसबा थांबला. आणि मग भावाच्या शब्दावर चालू लागला.

भिवाने तिन्ही दगड उचलून आणले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "आता कुणासाठी रोवतोस?" त्याच्यावर कुणी हात उगारला नाही. कुणी मारले असते तर बरे, असे त्याला वाटे. दगड काही त्याच्या हातून बसेनात. तो स्वतःच त्या रिकाम्या जागी उभा राहू लागला.

पुढे कधीतरी परगावची एक आंधळी म्हातारी दगड चाचपत आली. तिचा हात त्याच्या खांद्याला लागला.

"दगड न्हवं ह्यो. कोण रं तू?"

स्वतःचे नाव त्याच्या तोंडातून निघेना.

आजही एखादा दगड दुरुस्तीला काढला, तर तो परत बसेपर्यंत त्या जागी माणूस उभा राहतो, भर उन्हातसुद्धा. मग तो म्हातारा असो की कालची नवी सून, कुणी "कोण?" म्हणून विचारले, तर तो माणूस खाली मान घालून सांगतो, "येसबाचा भाऊ."