अण्णांच्या गाडीचे टायर

बाजार समितीचे सभापती विश्वंभरअण्णा दुसऱ्याला अक्कल शिकवण्यात एक नंबर. त्यांची नवी इलेक्ट्रिक गाडी दिसली की टायरवाल्या हेमराजचा जळफळाट व्हायचा. त्यानंच बसवलेले तिचे चारही टायर वर्षात गुळगुळीत झाले.

अण्णा गरजले, "कॉलेज सोडून हेच शिकलास? डुप्लिकेट माल दिलास! नवे टायर फुकट बसव, नाहीतर समितीचा गाळा खाली कर. मी गाडी फुलासारखी चालवतो."

"मग हा चहा गाडीत समोर ठेवून बाजाराच्या फाटकापर्यंत न्या, अण्णा. थेंब सांडला नाही तर टायर फुकट."

काठोकाठ भरलेला पेला समोर ठेवून अण्णा गाडीतून गोगलगायीसारखे निघाले. सगळा बाजार बघत होता. हेमराजनं आपली खटारा मोपेड काढली आणि हॉर्न वाजवत अण्णांच्या पुढं घातली. झालं! त्याला मागं टाकायला अण्णांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडी उसळली आणि चहा पांढऱ्या सदऱ्यावर!

हेमराज खिडकीशी वाकला. "टायर अस्सल आहेत, अण्णा. एवढ्या बॅटरीचं ओझं त्यांनी सोसलं. पण कुणी पुढं गेलेलं तुम्हाला सोसत नाही, त्याला ते काय करणार?"

अण्णांनी चार टायरचे पैसे काढले. मात्र नव्या टायरांवर गाडी त्याच्या मोपेडला मागं टाकून भुर्रकन निघून गेली, तेव्हा हेमराजला तरी ते कुठं सोसलं?