ओढ्याकाठचं वर्ष

चिंचोलीच्या ओढ्याकाठी असलेल्या लहानशा विद्यालयात पदव्युत्तर धर्मशास्त्राचं पहिलं वर्ष पास होऊन मार्था उजगरे शहरातल्या मोठ्या धर्मविद्यालयात आली. तिला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा होता.

प्राचार्य रेव्हरंड आढाव कडाडले, "तिथले श्रेयांक इथे चालत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून शिका!"

मार्था हादरलीच. अख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं. तिनं विचारलं, "सर, चिंचोलीचा ख्रिस्ती माणूस तुमच्या मंडळीत आला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देता?"

"भलतंच काय! बाप्तिस्मा एकदाच. ओढ्यात झाला तरी तो पुरा!"

"म्हणजे त्या ओढ्यात बुडी मारलेली चालते, काठावर बसून अभ्यास केलेला तेवढा चालत नाही?"

प्राचार्य पुटपुटले, "दुसऱ्या वर्षाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे."