महाराज टोमॅटोच्या वाफ्यात बसले

अनेरडोहच्या महादेवाच्या ओवरीत श्री सोमगीर महाराज वस्तीला होते, त्या उन्हाळ्यातली ही हकिगत. एरवी महाराज आसनावर बसले की दिवस मावळेपर्यंत हलत नसत. पण त्या वैशाखात त्यांना बसवेना. उठून अंगणात येत, माना टाकलेली झाडे पाहत, आत जात, पुन्हा उठत. वाढलेले ताट तसेच राही. सेवेकरी विचारत, "महाराज, काही दुखतंय का?" महाराज म्हणत, "वारा बघा केवढा तापलाय."

पहाटे ओवरी झाडायला द्वारकाबाई येत. एकटी बाई, नदीकाठी लहानसा मळा. त्यांच्या आईने त्यांना चपट्या टोमॅटोचे बी दिले होते. भर उन्हाळ्यातही फळ धरणारे वाण, असे आई सांगे. पण गेल्या पावसाळ्यात मडक्यात ओल शिरून बी कुजले. चिमूटभर उरले, तेही जुने. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते उगवण्याजोगे राहील असा भरवसा नव्हता, म्हणून द्वारकाबाईंनी सगळेच फाल्गुनात पेरले. ही झाडे फळली नाहीत तर वाणच संपणार होते.

शेजारी दगाजीआप्पांची बाग होती. वर हिरवी जाळी, खाली शहरातून आणलेले महागाचे बियाणे. बांधावर उभे राहून आप्पा म्हणाले, "वहिनी, कशाला पाणी वाया घालवता? असलं जुनं बी या उन्हात टिकतंय होय? का तुमचे महाराज येऊन फळं लावणार आहेत?" बागेतले गडी हसले. द्वारकाबाई खाली मान घालून पाणी देत राहिल्या.

झाडे फुलली. पण दिवसा वणवा आणि रात्रीही गारवा नाही. फुले देठापासून सुटून गळू लागली. द्वारकाबाई सकाळ-संध्याकाळ घागरी आणून ओतत. पाला हिरवा राही, फुले मात्र थांबत नसत. शेवटी त्या ओवरीत गेल्या. "महाराज, आईची एवढीच खूण आहे माझ्यापाशी. हातातून चाललीय."

महाराज येरझारा घालत होते. थांबले नाहीत. "तू घरी जा, माय. मला इथं बसवत नाही," एवढेच म्हणाले. आपले काही चुकले असेल, अशा विचाराने द्वारकाबाई रडतच परतल्या.

दुसऱ्या दिवशी महाराज भरल्या ताटावरून उठले आणि अनवाणी उन्हात निघाले. सेवेकरी छत्री घेऊन धावले, ती त्यांनी बाजूला सारली. थेट मळ्यात जाऊन ते झाडांच्या मधोमध बसले. आणि इतके दिवस तळमळणारे महाराज तिथे स्वस्थ झाले. द्वारकाबाई हात जोडून बांधावर उभ्या राहिल्या. दुपार कलायला लागली तरी महाराज उठेनात. त्यांच्या खांद्यांवर फोड आले.

गडबड ऐकून दगाजीआप्पा आले. "महाराज, तुम्ही बसल्यानं फुलं गळायची थांबणार आहेत का?"

"कुणीतरी बसायला हवं ना," महाराज म्हणाले.

आप्पा चिडले. एक साधू आपल्या शेजारी उन्हाने मेला तर बोल आपल्याला लागेल, म्हणून उठवायला त्यांनी महाराजांचा दंड धरला आणि चटका बसून हात मागे घेतला. तापलेल्या तव्यासारखे अंग होते.

"आता मातीला हात लाव," महाराज म्हणाले.

आप्पांनी वाफ्यात हात घातला. माती गार होती, श्रावणात असते तशी. त्यांनी चटकन वर पाहिले. झाडावर एक फूल वाळले होते, पण गळले नव्हते. त्याच्यामागे मण्याएवढे हिरवे फळ होते. दुसऱ्या झाडावरही होते. आप्पा आपल्या बागेत धावले. जाळीखाली फुलांचा सडा पडला होता, फळ एकही नव्हते.

परत आले ते जाळी ओढतच आले. गड्यांना म्हणाले, "महाराजांवर धरा." महाराज म्हणाले, "मला नको. त्या माईवर धर. ती केव्हाची उन्हात उभी आहे." आप्पांनी तिथेच मातीवर डोके टेकले.

फळे पिकेपर्यंत महाराज थांबले नाहीत. चार दिवसांत गाव सोडून गेले. खांद्यांवरच्या फोडांचे कुणी विचारले तर "उन्हाळाच कडक आहे," म्हणत. त्यांच्या मागे दगाजीआप्पा रोज दुपारी त्या वाफ्यात येऊन बसत. कुणी बोलावले तरी उठत नसत.

मृगाच्या आधी द्वारकाबाईंनी पिकल्या फळांचे बी काढून राखेत सुकवले आणि पहिली मूठ आप्पांपुढे धरली. आप्पांनी उपरणे पसरले, बी घेतले, आणि ते भर गावात द्वारकाबाईंच्या पायांशी वाकले.

द्वारकाबाई गडबडून मागे सरल्या. "अहो आप्पा, उठा. बी सांडेल."